चिमणीतून पडतं त्याला 'उत्सर्जन' म्हणावं की 'धूर'?

इरईकाठ
चंद्रपूरच्या थर्मलजवळच्या एका गावासाठी पत्रक मराठीत करतेय. कोळशावर वीज तयार होताना चिमणीतून काय काय बाहेर पडतं, ते कसं मोजतात आणि कमी कसं करता येईल, हा विषय. मथळा दिला 'उत्सर्जनाचा मागोवा आणि घट'. गावात वाचून दाखवलं तर एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "उत्सर्जन आम्ही वृक्काच्या धड्यात शिकवलं. त्याचा इथं काय संबंध?" सरळ 'धूर' लिहू का?

बोरू
शब्द चोख आहे, बदलू नका. उत् + सृज्. सर्जन, विसर्जन त्याच घरातले. शरीरानं बाहेर टाकलं तेही उत्सर्जन, चिमणीनं टाकलं तेही. वर्तमानपत्रांतही हाच शब्द येतो. लोकांना अवघड वाटतं म्हणून शब्द टाकत गेलो तर विज्ञान मराठीत लिहिताच येणार नाही.

बॉयलरमजला
मी अशाच एका केंद्रातून निवृत्त झालो. ताई, 'धूर' अजिबात लिहू नका. आपल्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख असते. त्यातली बरीचशी वायूबरोबर वर उडते. ईएसपीत, म्हणजे राख पकडायच्या यंत्रात, विजेचा भार दिलेल्या पत्र्यांवर ती ओढली जाते, हातोडे पत्रे ठोकत राहतात आणि राख खाली हॉपरात पडते. ईएसपीचं एखादं फील्ड, म्हणजे पत्र्यांचा एक कप्पा, बंद पडलं की चिमणीचा रंग बदलतो आणि गावातून फोन येतात. पण ईएसपी उत्तम चालू असली, चिमणीवर काहीच दिसत नसलं, तरी गंधकाचा वायू आणि कार्बन डायऑक्साइड जातच असतात. एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. 'धूर' लिहिलंत तर लोक म्हणतील, आज धूर नाही, म्हणजे सगळं ठीक.

नॉटिंगहॅमकर
सहमत. इथलं रॅटक्लिफ केंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं, ब्रिटनमधलं कोळशाचं शेवटचं. त्याचे आठ कूलिंग टॉवर दाखवून पाहुणे म्हणायचे, "केवढा धूर!" ती नुसती पाण्याची वाफ असायची. खरा मामला शेजारच्या चिमणीत.

शुद्धमती
मग 'कर्ब उत्सर्जन' म्हणा की. 'कार्बन डायऑक्साइड' कशाला? कर्ब हा आपला रुळलेला शब्द आहे.

काळीमाती
रुळलाय, पण कुठे? माती परीक्षणाच्या अहवालात. तिथं 'सेंद्रिय कर्ब' कमी आला की कृषी सहायक सांगतात, शेणखत टाका, कर्ब वाढवा. त्याच शेतकऱ्याच्या हातात 'कर्ब कमी करा' असं पत्रक द्यायचं?

शुद्धमती
एका शब्दाला दोन संदर्भ असतातच, वाचणारा समजून घेतो. इंग्रजी नावं जशीच्या तशी उचलायची सवय लागली की आपला शब्द घडवायची उमेदच जाते. 'प्राणवायू', 'नत्रवायू' कुणीतरी घडवलेच ना?

बॉयलरमजला
उमेद हवीच. पण इथं हिशोबाचा घोळ होतो. 12 टन कार्बन पूर्ण जळला की 44 टन कार्बन डायऑक्साइड होतो. नुसतं 'कर्ब' लिहिलं तर कुठला आकडा वाचायचा? मोजणीच्या पत्रकात एवढी सैल भाषा चालणार नाही.

खडूफळा
मला 'मागोवा' खटकतो. मागोवा होऊन गेलेल्या गोष्टीचा घेतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2014 मध्ये 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मापनयंत्रं बसवायला सांगितलं, औष्णिक केंद्रं त्यात आहेत. ती यंत्रं चालू क्षणाचा आकडा देतात. 'अखंड मोजणी' लिहा.

इरईकाठ
'मोजणी' आवडलं. पण मोजून पुढे काय, हेही लिहायचंय. डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेत गंधकाच्या वायूला मर्यादा घातली होती. जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के केंद्रांना तिच्यातून सूट मिळाली, चिमणीच्या उंचीचा निकष पाळला तर. गावकऱ्यांचा प्रश्न साधा आहे: चिमणी उंच असली म्हणजे वायू कमी झाला का?

बॉयलरमजला
नाही. 275 मीटरवरून सोडला की लांबवर पसरतो, विरळ होतो. पण वजन तेवढंच राहतं. वजन कमी करायचं तर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्यानं वायू धुवावा लागतो, त्यातून जिप्सम निघतं. म्हणून 'पांगवणं' आणि 'घटवणं' हे दोन शब्द पत्रकात वेगळे ठेवा. मला 'उत्सर्जन'पेक्षा हे महत्त्वाचं वाटतं.

बोरू
चिमणीवरून आठवलं. धुराडं हा सुरेख मराठी शब्द असताना चिमणी का? धूर + आढं, म्हणजे आढ्यातून धूर जायची वाट, असा माझा तर्क.

काळीमाती
आढ्याचं पटत नाही. आढ्यातला ढ जाऊन ड कसा आला? आणि आमच्याकडे चिमणी म्हणजे रॉकेलचा दिवा.

शुद्धमती
दिव्याचं नाव काचेच्या नळीवरून आलं असणार, म्हणजे तोही इंग्रजीच. धुराडंच लिहा.

खडूफळा
गिरणीच्या उंच नळकांड्याला गिरणगावात काय म्हणत? 'भोंगा' तर आवाजाचा. कुणाच्या घरी जुनी माणसं असतील तर विचारून सांगा.