मदत हवी आहे : १९०७-०९ सालच्या बव्हेरियन पोर्सेलीन बिअर-मगाचा मूळ मालक शोधायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीतील बव्हेरिया राज्यातल्या ऑग्सबुर्गमध्ये राहतो. येथे घर रिकामे करताना नको असलेल्या वस्तू खोक्यात भरून, त्यावर 'त्सू फेरशेंकन' म्हणजे 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून, खोके फुटपाथवर ठेवण्याची पद्धत आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला असेच एक खोके होते आणि त्यात जुन्या बशा व पडद्यांच्या कड्या यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक झाकणाचा मग निघाला. घर विकले गेले होते, आणि आवराआवर करणाऱ्या माणसांना तो कोणाचा याची काहीच माहिती नव्हती. मग घरी आणून कोमट पाण्याने पुसला, तेव्हा त्यावरचे नाव वाचता आले आणि तेव्हापासून ते नाव डोक्यातून जात नाही.

मग अर्ध्या लिटरचा, झाकणासह साधारण २८ सेंमी उंच आहे. (आपण 'स्टाइन' म्हणतो, पण येथील दुकानदार 'क्रूग'च म्हणतात.) झाकण कथिलाच्या मिश्रधातूचे असून त्यावर बसलेल्या सैनिकाची छोटी आकृती आहे, आणि झाकण उघडण्यासाठी अंगठ्याने दाबायच्या कळीवर ढाल धरलेला बव्हेरियाचा सिंह आहे. पोटावर बराकीसमोर प्रेयसीचा निरोप घेणारा शिपाई रंगवलेला असून त्याखाली तिसऱ्या बव्हेरियन पायदळ पलटणीचे नाव, 'प्रिन्स कार्ल फॉन बायर्न', सातवी कंपनी, ऑग्सबुर्ग, १९०७-०९ असा मजकूर आहे. कडेने एक जोडओळ फिरते : 'वेअर ट्रॉय गेडीन्ट हाट झाइने त्साइट, डेम झाय आइन फॉलर क्रूग गेवाइट', म्हणजे ज्याने आपली मुदत इमानाने भरली, त्याला भरलेला मग अर्पण असो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जर्मन साम्राज्यात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असे. १८९३ पासून पायदळात ती दोन वर्षांची झाली आणि घोडदळात तीन वर्षांचीच राहिली. सेवा संपवून राखीव दलात जाणारा शिपाई आठवण म्हणून स्वतःच्या पैशाने असा मग बनवून घेई, म्हणून त्याला 'रिझर्व्हिस्टनक्रूग' म्हणतात. चित्राच्या बाह्यरेषा बहुधा छापाच्या असत आणि रंग कुंचल्याने भरले जात, त्यामुळे 'संपूर्ण हाताने रंगवलेला' असे मी म्हणणार नाही. मालकाचे नाव मात्र प्रत्येक मगावर वेगळे लिहावेच लागे. माझ्या मगावर भिंगातून पाहिले तर नावाच्या शेवटच्या अक्षराला कुंचला उचलताना राहिलेला बारीक शेपटा स्पष्ट दिसतो.

मग नकली नसावा असे मला वाटते. याचे मुख्य कारण त्याचा तळ आहे. आतून पाहिले तर तळ नुसता खडबडीत पांढरा भासतो, पण मग रिकामा करून खिडकीकडे धरला की पोर्सेलीनच्या जाडीतील फरकामुळे उजेडात चित्र उमटते. या तंत्राला लिथोफेन म्हणतात आणि त्याचे पेटंट १८२७ मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले. नंतरच्या काळात पर्यटकांसाठी काढलेल्या नकलांच्या तळाशी बऱ्याचदा विवस्त्र स्त्रीची आकृती असते. माझ्या मगाच्या तळाशी कुंपणाशी उभे असलेले जोडपे आहे.

आता खरी अडचण. मगावर 'रिझर्व्हिस्ट' या शब्दापुढे फक्त आडनाव आहे, पहिले नाव नाही. वारस हयात असतील म्हणून ते मी येथे देत नाही, पण बव्हेरियात ते आपल्याकडच्या पाटलांइतके सापडते आणि त्याची चार स्पेलिंग प्रचलित आहेत. देवनागरीत लिहिले तर चारही सारखीच दिसतील. मूठीच्या दोन्ही बाजूंना कंपनीतील सोबत्यांची बारीक अक्षरांतील यादी आहे, तीत मी ३१ नावे मोजली. मूठ धरताना बोटांची मागची बाजू मगाला घासते, त्यामुळे त्या ठिकाणची पाच-सहा नावे पुसट झाली आहेत. एका बाजूची झीज जास्त आहे, तेव्हा गडी डावखुरा होता की काय, असा रिकामटेकडा तर्कही मी करून पाहिला. एवढे मात्र नक्की की हा मग नुसता कपाटात मिरवायला ठेवलेला नव्हता.

सुदैवाने हा शिपाई प्रशियाचा, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याचा नव्हता. प्रशियाच्या सैन्याचे दप्तर पॉट्सडाममध्ये होते आणि त्याचा फार मोठा भाग एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. बव्हेरियाचे युद्धमंत्रालय स्वतंत्र असल्याने त्याचे दप्तर म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात टिकले. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या नोंदवह्या त्यात असून त्यांत जन्मतारीख, जन्मगाव, व्यवसाय आणि आईवडिलांची नावेही असतात. १९०७ मध्ये भरती झालेला मुलगा साधारण १८८७ च्या सुमारास जन्मलेला, म्हणजे १९१४ मध्ये सत्ताविशीच्या आसपासचा. त्याला पुन्हा बोलावणे आले असणार हे जवळजवळ निश्चित. मृत, जखमी व बेपत्ता सैनिकांच्या छापील याद्या इंटरनेटवर शोधता येतात. त्यांत या आडनावाचे इतके लोक निघाले की मी दुसऱ्याच संध्याकाळी हात टेकले. शिवाय जो धडधाकट परत आला, त्याचे नाव त्या याद्यांत येणारच नाही.

म्हणून माझा बेत असा आहे की मालकाला सोडून सोबत्यांना शोधावे. यादीत चार आडनावे दुर्मीळ आहेत. त्यांपैकी दोघे-तिघे एकाच कंपनीच्या वहीत सापडले, तर त्याच वहीत आमच्या माणसालाही पाहता येईल. आपल्याकडून मला पुढील बाबतींत मदत हवी आहे.

जुनी जर्मन गॉथिक लिपी ज्यांना सरावाने वाचता येते, त्यांनी सोबत जोडलेले यादीचे फोटो कृपया पाहावेत. मला 'एन' आणि 'आर', 'बी' आणि 'व्ही' ही मोठी अक्षरे एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, आणि एका अक्षराने आडनाव पार बदलते. दुसरे असे की राखीव शिपाई १९१४ मध्ये मूळ पलटणीत जात तसेच नव्याने उभारलेल्या राखीव पलटणींतही जात. ज्यांनी बव्हेरियन नोंदवह्या प्रत्यक्ष चाळल्या आहेत, त्यांनी आधी कोणत्या वह्या घ्याव्यात ते सांगावे. या वह्या वंशावळीच्या एका सशुल्क संकेतस्थळावर आहेत, त्याचे वर्षभराचे सदस्यत्व घेण्यापूर्वी हे कळले तर बरे होईल.

मग विकायचा नाही, त्यामुळे कृपया किंमत सांगू नये. वारस सापडले तर त्यांना पत्र लिहून फोटो पाठवीन, आणि हवा असेल तर मगही देईन.

भर (दोन दिवसांनी) : एका सदस्याने सुचवल्याप्रमाणे यादीवर तिरपा उजेड टाकून फोटो काढले. रंग गेला असला तरी जुन्या अक्षरांच्या जागी चकाकी थोडी कमी दिसते, आणि त्यावरून पुसट नावांपैकी दोन नावे लागली. त्यांतले एक दुर्मीळ आहे, म्हणजे आता हाताशी चार नव्हे, पाच नावे आहेत. नवे फोटो जोडले आहेत; तिसऱ्या फोटोतील वरून सातवी ओळ कोणाला लागते का, ते पाहावे.