अनुभव धागा: कुणीतरी लावलेली सवय

संकल्प लिहू नका, ते दर जानेवारीत वाचतोच आपण. घरातल्या, तालमीतल्या नाहीतर कामावरच्या माणसानं लावलेली आणि अजून टिकलेली सवय सांगा. तिनं काय बदललं तेही सांगा. फुशारकी चालेल, उपदेश नको. सुरुवात मी करतो.

घर कोल्हापूरच्या सुतारवाड्यात. पंचगंगेचं पाणी शहरात शिरायला लागलं की आमचा नंबर पहिल्यांदा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतं. शेजारच्या काकू मृग लागला की रेशनकार्ड, पासबुकं, पोरांचे दाखले एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवायच्या. आम्ही हसायचो. २०१९ च्या ऑगस्टनंतर हसणं बंद झालं आणि आमच्या खुंटीलाही पिशवी आली. २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागल्याचं कळलं तेव्हा पिशवी उचलली आणि निघालो. कागद एका जागी असले की घरातली भांडणंही कमी होतात, हा फायदा मात्र काकूंनी सांगितला नव्हता.

मंगळवार पेठ, आधी पैलवान, आता पतसंस्थेत

आमच्या वस्तादांचा नियम होता, लढायचंय त्यानं आधी कुस्तीचा हौदा उकरायचा. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू. खोऱ्यानं खालवर केली नाही तर दगडागत घट्ट होते, मग पडणाऱ्याचं काय होतं ते विचारू नका. खासबागेच्या मैदानात कुस्ती मारून आलेला गडीबी दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन उभा असायचा. वस्ताद म्हणायचे, "पाठ थोपटून घ्यायची ती माती उकरल्यावर."

गुडघ्यानं माझी कुस्ती थांबवली. आता काउंटर उघडायच्या आधी पावतीपुस्तकं, शिक्के, सुट्टे पैसे लावून ठेवतो. ठेवीचं व्याज न्यायला म्हाताऱ्यांची रांग लागते, कुणी सही विसरतं, कुणी चष्मा. डोकं तापत नाही. पहाटे चारला जाग मात्र अजून येते, काम असो नसो.

राजारामपुरी

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, कपिलतीर्थ मंडईत भाजी विकायच्या. अक्षरओळख नव्हती. रात्री गल्ला आधी तीन डब्यांत वाटायच्या, मग मोजायच्या. एक डबा उद्याच्या मालाचा, एक भिशीचा, एक घरचा. मालाच्या डब्याला नवऱ्यालाही हात लावू द्यायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "पोरी, घरचं कमी पडलं तर आमटी पातळ कर, मालाचं कमी पडलं तर उद्या बसायचं कुठं?"

मी पार्लर चालवतो. क्यूआर कोड आल्यापासून सगळे पैसे एकाच खात्यात पडायला लागले आणि कुठले कशाचे तेच कळेना. मग वेगळं खातं काढलं. रोज दुकान बंद करताना मालाचे पैसे तिकडं ढकलतो, मग घरी. दुसरी खुर्ची उधारीवर घ्यावी लागली नाही. आत्यांना मोबाईलवर दाखवलं तर म्हणाल्या, "डबा वाजत न्हाई हा."

शिवाजी पेठ

माझी एका ओळीत. करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद आहे, १८५० ची संस्था. तिथलं पुस्तक परत करायचं असतं म्हणून वाचून होतं, विकत घेतलेली कपाटात कोरी आहेत.

कसबा बावडा

पैलवान, पहाटे चारचं कौतुक वाचलं. तुम्ही उठल्यावर चहा कोण ठेवतं आणि थंडाईचे बदाम कोण वाटत होतं, तेही लिहा की. माझ्या वडलांना पहाटेची सवय होती. आमच्या आईला ती सवय नव्हती, पण उठावं तिलाच लागायचं.

मंगळवार पेठ

ताई, बदाम तालमीत आम्हीच घोटायचो. चहाचं खरं आहे. बायकोला विचारलं, ती म्हणाली, "उठा, पण भांडी वाजवू नका." आता माझा मी ठेवतो. तिला दिला तर अर्धा कप ओतून देते.