नागपूरच्या महाल-इतवारीतले जुने वाडे आणि देवळं: फोटो सरळ कसे घ्यायचे, कोणत्या वेळी जायचं?

गल्लीबोळ_नागपूर विचारतात:

महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी आणि बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मागच्या गल्ल्यांमधले वाडे, देवळांचे सभामंडप, उरलेसुरले दरवाजे यांची फोटोनोंद करायची आहे. नुसते सुंदर फोटो नकोत. उद्या वास्तू पडली तर मागे काही शिल्लक राहील, अशी नोंद हवी. डिसेंबर ते फेब्रुवारी, रविवार सकाळ. साधनं: मोबाईल (१३ आणि २४ मिमी), जुना डीएसएलआर, १८-५५ लेन्स, साधा ट्रायपॉड.

अडचणी अशा. गल्ल्या तीन-चार मीटरच्या, त्यामुळे वाडा मागे झुकलेला येतो. चौकात उभं राहिलं की ओसरी काळीकुट्ट आणि आकाश पांढरंफेक. काळा दगड फोटोत राखाडी दिसतो. आणि एखादी इमारत भोसलेकालीन की इंग्रजी काळातली, हे बघून कसं ओळखायचं? परवानग्यांचंही सांगा.

तिरपं_ऊन:

वेळेपासून सुरू करतो, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. सकाळचं कोवळं ऊन मोकळ्या मैदानातल्या इमारतीला ठीक. कस्तुरचंद पार्कातली छत्री त्या उन्हात छानच येते, आणि सरावालाही ती उत्तम, चारही बाजूंनी फिरता येतं. पण महालातल्या गल्लीत साडेआठला गेलात तर ऊन फक्त वरच्या मजल्याच्या पन्हाळीवर असतं.

गणित सोपं आहे. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तरेला. डिसेंबरअखेर सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि माध्यान्हीलाही ४५ अंशांवरच राहतो. ही माध्यान्ह आपल्याकडे १२ वाजता होत नाही, १२ वाजून १० ते १५ मिनिटांच्या आसपास होते. गल्ली चार मीटर रुंद आणि समोरचं घर आठ मीटर उंच धरा:

गल्ली उत्तर-दक्षिण, दर्शनी भाग पूर्वेला: साडेआठला खालचे सहा मीटर सावलीत. साडेदहाला खालचा दीड मीटरच सावलीत उरतो. अकराला ऊन जोत्यापर्यंत उतरतं, आणि तेही भिंतीला घासून जातं. कोरीव कामासाठी याहून चांगलं ऊन नाही, कोरलेल्या केळफुलाची एकेक पाकळी उठून दिसते.

तीच गल्ली, दर्शनी भाग पश्चिमेला: दुपारी सव्वा ते पावणेदोन.

गल्ली पूर्व-पश्चिम, दर्शनी भाग दक्षिणेला: डिसेंबरात खालच्या चार मीटरला ऊन लागतच नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस जा, तेव्हा माध्यान्हीचा सूर्य ६१ अंशांवर गेलेला असतो आणि जेमतेम पाऊण मीटर सावली राहते.

दर्शनी भाग उत्तरेला: हिवाळ्यात उन्हाची वाट बघू नका. सावलीतच घ्या, फक्त चौकटीत आकाश कमीत कमी ठेवा. अशा भिंतीला सरळ ऊन मिळतं ते मे ते जुलै, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

म्हणून पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय मारा. मोबाईलच्या होकायंत्राने प्रत्येक दर्शनी भागाची दिशा लिहून घ्या. लोखंडी शटरला किंवा गाडीला टेकून मोजलं तर होकायंत्र वीस-तीस अंश सहज चुकतं, दोन-तीन पावलं दूर उभं राहा.

आता दगड. भिंतीने चौकट भरली की कॅमेरा काळ्या बेसाल्टलाही मधल्या करड्या छटेवर आणतो, म्हणून तो राखाडी दिसतो. एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा. चुन्याने रंगवलेल्या भिंतीला उलट, अधिक ०.७ ते १. पिवळसर वाळूच्या दगडाला बदल नको, पण व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळणी) ऑटोवर ठेवू नका. ऑटो त्याचा पिवळेपणाच खाऊन टाकतो. उन्हात ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्का करा.

पोहोच_मोजा:

झुकणाऱ्या वाड्याबद्दल. कॅमेरा वर तिरपा केला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे येतात, लेन्सचा त्यात दोष नाही. कॅमेरा भिंतीला समांतर धरला तर काहीच झुकत नाही. प्रश्न एवढाच की मग माथा चौकटीत मावतो का.

मोबाईल उभा आणि भिंतीला समांतर धरला तर २४ मिमीची वरची पोहोच = कॅमेऱ्याची उंची + अंतराच्या ०.७२ पट. १३ मिमीला तीच १.३३ पट. चार मीटरच्या गल्लीत दीड मीटर उंचीवरून २४ मिमी जेमतेम ४.४ मीटरपर्यंत बघतो, १३ मिमी ६.८ मीटरपर्यंत. दुमजली वाडा नऊ मीटरचा असला तर दोन्हींनी माथा कापला जातो.

मग तीन मार्ग. सगळ्यात चांगला, समोरच्या घराचा पहिला मजला. विनंती करून खिडकीतून किंवा सज्जातून घ्या. कॅमेरा साडेतीन मीटरवर गेला की १३ मिमीची पोहोच ८.८ मीटर होते आणि उभ्या रेषाही सरळ राहतात. दुसरा, भिंतीला समांतर सरकत दीड-दीड मीटरवर उभ्या चौकटी घ्या, शेजारच्या दोन चौकटींत किमान ६० टक्के भाग सामाईक ठेवा आणि नंतर जोडा. जागच्या जागी कॅमेरा फिरवून जोडलेला पॅनोरमा इथे चालत नाही, मधला भाग फुगतो. तिसरा, थोडा तिरपा करून नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणं. त्यासाठी दोन्ही बाजूंना १५-२० टक्के जागा मोकळी सोडा, कारण ती कापली जाते. आधी लेन्सची विकृती काढा, मग उभ्या रेषा. क्रम उलटा केला तर सज्जाची रेघ वाकडीच राहते. तिरपेपणा वीस अंशांच्या पुढे गेला असेल तर सरळ केलेला वाडा खऱ्यापेक्षा उंच आणि वर जड दिसतो. तो नोंद म्हणून ठेवू नका.

काही जण मोबाईल लांब काठीवर चढवतात. महाल-इतवारीत ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची काठी अजिबात नको. विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असतात आणि दोन्ही वस्तू वीज वाहून नेतात.

त्याच तारांबद्दल आणखी एक. संगणकावर त्या पुसायच्या असतील तर वेगळी प्रत करा. मूळ फाईल जशीच्या तशी राहू द्या, पुसताना कोरीव तुळईचा तुकडाही गेलेला कळत नाही.

चौकातल्या काळ्या ओसरीसाठी: ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि तीन फोटो: एक्स्पोजर उणे २, ०, अधिक २. जोडताना ओसरी चौकाइतकी उजळ करू नका. ओसरी अंधारी असणं हाच वाड्याचा स्वभाव आहे. देवळाच्या सभामंडपात ट्यूबलाइट आणि बाहेरचं ऊन मिसळलं की लाकूड एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने निळं येतं. पुजाऱ्यांना विचारून पाच मिनिटं ट्यूब बंद करा, बाकी सगळं जमतं.

कवेलू:

काळ ओळखायचा प्रश्न मोठा आहे. नागपुरात प्रत्येक जुन्या लाकडाला ‘भोसलेकालीन’ म्हणायची सवय लागून राहिली आहे. भोसल्यांचा कोरीव लाकडाचा राजवाडाच १८६४ साली आगीत गेला. त्यामुळे महालातलं जे उरलंय त्यातलं बरंच नंतरचं किंवा दुरुस्त केलेलं आहे, असं धरूनच सुरुवात करा आणि मग पुरावा शोधा.

छपराकडे शेवटी बघा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६०च्या दशकात निघाला. म्हणून तसली कौलं दिसली तर छप्पर त्याच्या नंतरचं, पण भिंती जुन्या असू शकतात. देशी कवेलू (गावठी कौलं) काढून मंगलोरी घालणं हे सर्रास झालं. उतरवून ठेवलेलं कौल दिसलं तर मागची बाजू पलटून शिक्क्याचा फोटो घ्या.

छतात लोखंडी गर्डर आणि त्यांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी असतील तर ते बांधकाम बहुधा रेल्वेनंतरचं. नागपूरला रेल्वे १८६७ साली आली, त्याआधी एवढं लोखंड इथवर आणणं परवडणारं नव्हतं. गर्डरच्या पोटावर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं असतं. टॉर्च आडवा धरा, वाचता येतं.

भोसलेकालीन कामात सागवानी खांब दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीवर) उभा, खांब सुरूच्या झाडासारखा मधे फुगीर आणि वर निमुळता, वर महिरप, हस्तांना (तुळईखालच्या लाकडी आधारांना) केळफूल. महालातल्या रुक्मिणी मंदिराचा सभामंडप आधी नीट बघा, मग वाड्यांकडे वळा, डोळा तयार होतो. फक्त एक, खांब एका वाड्यातून काढून दुसऱ्यात बसवलेले असतात. तळखड्याचं खोबण आणि खांबाचं टोक जुळतं का, याचा जवळून फोटो हवाच.

शिलालेख किंवा दारावरचा आकडा मिळाला तर नीट वाचा. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते चैत्राआधीची तिथी असेल तर ७९). इतवारीतल्या धर्मशाळांवर बऱ्याचदा विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा. शके १७८० आणि संवत १७८० यांत १३५ वर्षांचा फरक पडतो. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च भिंतीपासून दहा-पंधरा अंशांवर धरून चार दिशांनी चार फोटो घ्या. खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावायचं नाही.

धरमपेठ-रामदासपेठेतले गोल बाल्कनीचे, छज्जाच्या तिहेरी रेघांचे बंगलेही यादीत घ्या. ते कुणालाच ‘जुने’ वाटत नाहीत, म्हणून सगळ्यात आधी तेच पडतात. वास्तविक नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, तो काळ या घरांवर लिहिलेला आहे.

बर्डीकर:

परवानग्या थोडक्यात. रस्त्यावरून इमारतीचा फोटो घ्यायला आणि छापायला कॉपीराइट कायदा आड येत नाही. अडतं ते सुरक्षेवर. हायकोर्ट (१९४० साली खुली झालेली हेन्री मेड यांची इमारत), विधानभवन, महालातलं संघ मुख्यालय इथे बंदोबस्त असतो. पोलीस नको म्हणाले की वाद घालू नका. ड्रोनचा विचार सोडा. विमानतळ, लष्कर आणि बंदोबस्त यांत शहराचा कितीतरी भाग अडकतो.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. त्यात २६ जानेवारीच धरा. १ मेला आठनंतर दगडावरून वाफा उठतात आणि लांबचे फोटो थरथरतात, १५ ऑगस्टला पावसाचा भरवसा नाही. ओळखपत्र न्या, कॅमेरा कुठपर्यंत चालेल ते फाटकावरच विचारा. आणि फोटोखाली ‘भोसल्यांचा किल्ला’ लिहू नका. लढाई नोव्हेंबर १८१७ची, तटबंदी त्यानंतर इंग्रजांनी बांधली.

झिरो माईलच्या स्मारकाबद्दलही तेच. चार घोडे आणि खांब सगळेच टिपतात. बाजूचा १९०७चा सर्वेक्षणाचा दगड कोणी बघत नाही, त्यावर समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट उंची आहे. नोंदीत ‘सर्वेक्षणाचा बेंचमार्क’ (उंची मोजायची खूण) लिहा, ‘भारताचा मध्यबिंदू’ नको.

वाड्यात शिरताना मालक शोधत बसू नका, अर्ध्या वाड्यांत मालक सात आणि भाडेकरू अकरा. ओसरीवर जे बसले असतील त्या काका-काकूंना आधी सांगा, कशासाठी ते सांगा, आणि पुढच्या रविवारी चार बाय सहाचे दोन प्रिंट नेऊन द्या. वाडा वादात असेल तर तुम्ही बिल्डरची माणसं आहात असंच आधी वाटतं, म्हणून टेप काढून मोजमाप पहिल्या दिवशी करायचं नाही. देवघर, कुलपं, चेहरे टाळा.

गल्लीबोळ_नागपूर:

उन्हाचं गणित कामाचं आहे, यादी दिशेप्रमाणे लावून घेतो. फोटोंना नावं कशी द्यावीत, आणि जागा नकाशावर टाकावी का?

पोहोच_मोजा:

नाव असं: वस्ती, वास्तू, दर्शनाची दिशा, तारीख, क्रमांक. उदाहरणार्थ महाल_वाडा०७_पूर्व_२०२५१२२८_०३. तारीख वर्षापासून लिहिली की फाईली आपोआप क्रमाने लागतात. प्रत्येक वास्तूचे किमान हे फोटो: गल्लीसकट एक, दर्शनी भाग सरळ, दोन्ही कोपरे, दरवाजा, एक खांब तळखड्यापासून हस्तापर्यंत, छत, आणि जिथे पडझड आहे ते. बारकाव्याच्या फोटोत ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवा, नाणं नको. दोन प्रती, त्यातली एक घराबाहेर.

कवेलू:

नकाशाबद्दल: माणसं राहतात त्या वाड्याची जागा विचारून टाका. रिकाम्या वाड्याची अजिबात टाकू नका, फाईलमधला जीपीएसही काढून मगच चढवा. कोरीव हस्तांना बाजारात गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईकही हेच फोटो बघतं. रिकाम्या वाड्याच्या फोटोखाली फक्त ‘महाल’ एवढंच लिहा, बाकी तपशील तुमच्या वहीत.