शब्दचर्चा : 'कृपा', 'विश्वास' आणि मोशेचे अवघडलेले हात

प्रश्न : मराठी बायबलात नोहावर परमेश्वराची कृपादृष्टी होते, अब्राम परमेश्वरावर विश्वास ठेवतो. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ हाच आहे का? 'श्रद्धा' का नाही घेतला?

– 'कृपादृष्टी' छान जमलाय. हिब्रूत शब्दशः 'नोहाला परमेश्वराच्या डोळ्यांत हेन (कृपा) सापडलं' असं आहे, म्हणजे 'दृष्टी' मुळातच होती. पण 'हेन' हा फक्त देवाचा शब्द नाही. योसेफाला त्याचा मालक पोटीफर याच्या डोळ्यांत हेन सापडतं, याकोब भाऊ एसावाकडे तेच मागतो. तिथे आपण सरळ 'मर्जी' म्हणू.

– मर्जी म्हटलं की साहेबाची लहर आठवते हो!

– मान्य. पण हेनचं दुसरं टोकही पाहा. त्याच धातूपासून 'हिन्नाम' आला, म्हणजे फुकट. बायबलातल्या 'गणना' पुस्तकाच्या 11व्या अध्यायात मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात देवाकडून मिळणाऱ्या अन्नाला, मान्न्याला, कंटाळून रडतात : मिसरात मासे हिन्नाम मिळायचे! (गुलामीत राबून मिळालेले मासे म्हणे फुकट.) पुढे सहाच ओळींनी त्यांचा पुढारी मोशे देवाला विचारतो, तुझ्या डोळ्यांत मला हेन का नाही सापडलं? कष्टाचं ते फुकट वाटतं आणि खरोखर फुकट पडणाऱ्या मान्न्याचा वीट येतो. अख्ख्या कथेतली कुरकुर त्या दोन शब्दांत आहे.

– आता विश्वास. 'विश्वास'मध्ये श्वास आहे, माणूस निर्धास्त होतो. अब्रामाच्या वाक्यातल्या हिब्रू क्रियापदाच्याच धातूचं नाम 'एमुना'; त्यात श्वास नाही, भार आहे. बायबलात हा शब्द पहिल्यांदा येतो तो 'निर्गम' पुस्तकात, 17:12 मध्ये, तोही हातांबद्दल. अमालेक नावाच्या शत्रू टोळीशी लढाई चाललेली, मोशेचे हात वर असले की इस्राएल सरशीला. हात जड झाले तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर या सोबत्यांनी दोन्हीकडून हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहिले. म्हणजे ठाम, न ढळता. 'आमेन' याच धातूचा. गणना 11 मध्येच तान्ह्याला उराशी वागवणाऱ्याला 'ओमेन' म्हटलंय, आणि रूथच्या गोष्टीत नामी नातवाची 'ओमेनेत' होते, म्हणजे दाई. 'श्रद्धा' म्हटलं तर हे सगळं देव्हाऱ्यापाशी जाऊन बसेल.

– थोडं अवांतर : मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचं (मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं) 1796 सालचं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. नाव 'शार हारहामिम', दयेचं दार. 'रहामिम'चा संबंध 'रेहेम'शी, म्हणजे गर्भाशयाशी. अरबी 'रहम' याच कुळातला.

– मग एमुनाला 'टेकू' म्हणायचं का?

– टेकू वस्तूला लावतात. माझं मत 'भिस्त'ला. अब्रामाने परमेश्वरावर भिस्त ठेवली. जरा बाजारी वाटतं खरं, पण ज्याच्यावर भार टाकायचा तो न ढळणारा हवा, हे त्यात येतं.

– हातांना मात्र 'भिस्त' लागत नाही. तिथे 'ठाम'च.