मंडईतल्या नाटकातला बाप शेवटी रडला, म्हणून सुटला का?

धानाचा बांध:
परवा पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत, वडसा भागातल्या एका गावी मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक पाहिलं. नाटकाचं अन् कंपनीचं नाव सांगत नाही, माझं भांडण कथेशी आहे. थोरला पोरगा मोटारीचा करंट लागून जातो. तेरवीच्या रात्री बाप विधवा सुनेचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतो अन् जमीन धाकट्याच्या नावावर करतो. धाकटा ती विकून नागपूरला पसार. पहाटे साडेचारला, शेवटच्या अंकात, बाप सुनेच्या पायाशी. ती म्हणते, "मामाजी, उठा." टाळ्या, पडदा.

रडला ते ठीक. पण परत काय केलं? राहतं घर तरी तिच्या नावावर केलं? फुकटचा पश्चात्ताप आहे हा. माझी आई ताडपत्री झटकता झटकता म्हणाली, "सातबाऱ्यावर नाव चढलं का बाईचं?"

ब्रह्मपुरीवाला:
काहून लेखकाच्या मागे लागता, बाप्पा? मीही पाहिलं हे नाटक, आमच्याकडे. माझ्या बाजूचा म्हातारा दुपट्ट्यात तोंड खुपसून रडत होता. तो काही सातबारा पाहायले नव्हता आला. आपले नट परशुराम खुणे, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीसाठी. लोकांच्या घरातलं दुखणं मांडते ती, म्हणूनच ना?

धानाचा बांध:
पद्मश्रीचा इथं काय संबंध? खुण्यांबद्दल आदरच आहे. मी या बापाबद्दल बोलतोय.

अर्जनवीस:
तहसीलसमोर बसून वीस वर्षं दस्त लिहितो, म्हणून बोलतो. कोऱ्या कागदावर अंगठा घेतल्यानं जमीन जात नसते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र न करता गेलेल्या पोराच्या हिश्शाचे पहिले वारस म्हणजे बायको, लेकरं आणि आई. बाप त्या पहिल्या वर्गात नाहीच. म्हणजे थोरल्याच्या हिश्शासाठी सुनेचं हक्कसोडपत्र लागणार, अन् ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागणार.

आता विचार करा. सासरा सुनेला सकाळच्या एसटीनं तालुक्याला नेतो. "वारस लावायचे आहेत" म्हणतो. दोन साक्षीदार आधीच ठरवलेले. नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसवतो, चहा पाजतो. कॅमेऱ्यासमोर ती पदर सारखा करते. असे चहा मी पाहिले आहेत. नाटकात हा धोका एका रात्रीत उरकला, म्हणून बापाची कीव येते. तो चहा दाखवा, मग पाहू कोण रडतं.

ब्रह्मपुरीवाला:
मग बाकड्यावर तीन अंक करा अन् पेंडॉल रिकामा! अहो, बापाचाही पोरगाच गेला ना? ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानंच बुडवलं. त्याच्या दुःखाचा हिशेब कोणी करायचा?

साकोलीची सून:
पोरगा गेल्याचं दुःख खरं. पण त्याच दुःखाच्या आडून त्यानं अंगठा घेतला, हे विसरू नका.

तरी मूळ धाग्यातल्या भाऊंशीही माझं पटत नाही. तिनं काय करायला हवं होतं, लाथ मारायची? दोन लेकरं घेऊन माहेरी किती दिवस काढणार? भावजय आठव्या दिवशी विचारते, "ताई, गाडी कधीची आहे?" आणि एक सांगा, ती फक्त "उठा" म्हणाली ना? "माफ केलं" म्हणाली का?

धानाचा बांध:
ताई, तुम्ही म्हणाल्या म्हणून आठवलं. आम्ही अगदी पुढं बसलो होतो, पेटीवाल्याच्या मागं. प्रॉम्प्टरनं "माफ केलं मी तुम्हाला" दोनदा दिलं, दुसऱ्यांदा तर मोठ्यानं. मागची पोरं हसली. बाईनं ते वाक्य घेतलंच नाही. मला वाटलं विसरली.

ब्रह्मपुरीवाला:
विसरलीच असेल. हंगामात रोज नवं गाव, रोज नवं नाटक. आमच्याकडे तर चांगलं ठणकावून म्हणाली होती.

साकोलीची सून:
तीच बाई होती का?

ब्रह्मपुरीवाला:
ते नाही सांगता येत. शनिवारी आमच्या बाजूच्या गावात पुन्हा तेच नाटक आहे. या सगळे, आईलेही आणा. ब्लँकेट विसरू नका, थंडी लय आहे.