अनुभव धागा: आकाशवाणीचा अख्खा दिवस, नाशकात, खऱ्या रेडिओवर

गोदाकाठ
माळा आवरताना आजोबांचा ट्रान्झिस्टर निघाला. चामड्याचं कव्हर, डायलवर मीटरचे आकडे. बघूनच ती सकाळची शिवरंजनीतली धून, वंदे मातरम्, ६:५५ च्या संस्कृत बातम्या, ७:१० ला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, सगळं ओळीने कानात वाजलं. सेल घातले तर नुसती खरखर. पहिल्या सभेपासून (सकाळच्या प्रसारणापासून) रात्री ९ च्या इंग्रजी बातम्यांपर्यंत एक दिवस ह्याच्यावर काढायचाय. असे संच ज्यांनी जिवंत केलेत त्यांनी लिहा. 'अ‍ॅप घ्या' सांगू नका, आहे मोबाईलमध्ये.

सातपूरकर
आधी सेलचा कप्पा बघा. हिरवं-पांढरं साचलं असेल तर लिंबू चोळा.

खरखर_तज्ज्ञ
लिंबू सरसकट नको हो! अल्कलाइन सेल पाझरला असेल तरच लिंबू किंवा व्हिनेगर. साधे जस्त-कार्बनचे सेल आम्लधर्मी मळ सोडतात, त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून कापसाच्या काडीने पुसायचं. वाळलं की स्प्रिंगवर बारीक पॉलिश पेपर. मग रेडिओ चालू ठेवून व्होल्टेज मोजा. चार सेलचे ६ व्होल्ट हवेत. बंद असताना ६ आणि चालू केल्यावर ४ दिसले तर सेल तरी संपलेत नाहीतर पट्टी गंजलीय.

द्राक्षबाग
सेल किती महाग झालेत पण. असो.
डायल मीटरचा असेल तर ३ लाखाला किलोहर्ट्झने भागा. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ५३७ मीटर, संवादिता १०४४ म्हणजे २८७, पुणे ७९२ म्हणजे ३७९. नाशिक केंद्र एफएमवर आहे, १०१.४, ते ह्या जुन्या संचात मिळायचं नाही.

इंदिरानगरची_ताई
एरियल पूर्ण ओढून बघितली का दादा?

खरखर_तज्ज्ञ
ताई, ती दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हचा अँटेना आत असतो, फेराइटची काळी कांडी, तांब्याची तार गुंडाळलेली. कांडी रेडिओच्या लांबीत आडवी असते आणि तिच्या टोकांच्या दिशेने काहीच ऐकू येत नाही. म्हणजे स्टेशनकडे रेडिओचं तोंड किंवा पाठ हवी. मुंबई आपल्याला नैर्ऋत्येला, शहराच्या मध्यातून बघितलं तर पांडवलेणीच्या अंगाला. पुणे सरळ दक्षिणेला. भिंतीला लागून शोकेसमध्ये ठेवलात तर दिशा मिळाली तरी भिंतीतल्या सळया सिग्नल खातात. खिडकीत ठेवा.

मिसळ_विदाउट_तर्री
पांडवलेणीला पाठ करून बसलो तर मोक्ष मिळतो का फक्त अस्मिता 😄

सातपूरकर
@मिसळ तर्रीशिवाय मिसळ खाणाऱ्याला दोन्ही नाही.

वाल्वसेट
ट्रान्झिस्टरचं चाललंय ते ठीक, पण घरात कुणाकडे लाकडी वाल्वचा सेट असेल तर बरीच वर्षं बंद असलेला थेट प्लगमध्ये घालू नका!! जुने कंडेन्सर शॉर्ट झालेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच्या एका वायरीत मधे, लावायचा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद. एलईडी बल्ब इथे चालत नाही. मागचं झाकण काढून हात घालायचा तर आधी प्लग काढा, आणि काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट उरतो.

द्राक्षबाग
खरखरीचं मुख्य कारण राहिलंच. एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. सेलवर रेडिओ लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर दोष घरात आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा, जिथे पुन्हा सुरू होईल त्या लाइनवर चोर. मेन पाडूनही राहिली तर शेजारी किंवा रस्त्याचा दिवा.
सेल वाचवायला मोबाईल चार्जरमधून सप्लाय देतात, ते तर अजिबात नको. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर शोधा, एम.जी. रोडला विचारा.

इंदिरानगरची_ताई
आवाज वाढवताना चर्र-चर्र होतं ते पण शेजारी का?

खरखर_तज्ज्ञ
नाही, तो व्हॉल्यूमच्या बटणातला कचरा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या भागाच्या) फटीत, मग बटण २०-३० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. बँडच्या स्विचलाही तेच. खोबरेल नको, धूळ धरतं. काटा अडकत असेल तर डायलची दोरी. ट्यूनिंगच्या दांड्यावर दोन वेढे हवेत, घसरत असेल तर चिमूटभर राळ.

वाल्वसेट
तरीही सिग्नल कमी पडला तर तारेची चौकट करा, बाहेरचा अँटेना म्हणून. ५० सेंटीमीटर बाजूची लाकडी, १३ वेढे, वेढ्यांत ३-४ मिमी अंतर, तार साधारण २६ मीटर. दोन टोकं ५०० पीएफच्या गँग कंडेन्सरला (ट्यूनिंगचा फिरवायचा कंडेन्सर). रेडिओला काही जोडायचं नाही, नुसती शेजारी ठेवायची. चौकटीची कड मुंबईकडे, रेडिओचं तोंड मुंबईकडे. गँग फिरवताना एका जागी आवाज एकदम उसळतो. वेढे कमी पडले तर ५५८ पर्यंत खाली उतरतच नाही, १०४४ मात्र लागतं.

द्राक्षबाग
दिवसभर ऐकताना सूर्य कुठे आहे तिकडे लक्ष. उजेड असेपर्यंत फक्त जमिनीलगतची लहर, जवळची स्टेशनं स्वच्छ. अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून लांबची परत येतात आणि आवाज हेलकावतो. संध्याकाळी ७ च्या मुंबईच्या बातम्या त्या सीमेवर असतात, तेव्हा पुन्हा दिशा जुळवा. घड्याळही खऱ्या रेडिओच्या टोल्यांवर लावा, अ‍ॅपवर तोच टोला काही सेकंद उशिरा पडतो.

मिसळ_विदाउट_तर्री
कांद्याचा भाव मात्र दोन्हीकडे सारखाच पडलेला ऐकू येतो

गोदाकाठ
लागलं!! ५३७ ला, पांडवलेणीला तोंड करून. चोर देवघरात, एलईडीची माळ.

इंदिरानगरची_ताई
माळ काढलीत? आईंना विचारून?

गोदाकाठ
७ ते ७:१५ पुरती काढतो सांगितलंय.