नाकारलेला दाणा शेवटी जातो कुठे?

प्रयोगशाळेतून:
गेली बारा वर्षं मी दाणे, मका आणि पशुखाद्यातलं अफ्लाटॉक्सिन मोजते आहे. रोज आकडे लिहून देते आणि घरी जाते. पण एक प्रश्न मनातून जात नाही, तो आज इथे मांडते.

अफ्लाटॉक्सिन हे अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. शोध घेत घेत माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. म्हणजे हे विष माणसाला पहिल्यांदा सापडलं तेच मुळी जनावरांच्या खुराकात. साठ वर्षं उलटून गेली, तरी आपण ते शोधतो माणसाच्या ताटात आणि दुधाच्या पिशवीत. खुराकाकडे सगळ्यात शेवटी वळतो.

युरोपात थेट खायच्या दाण्यांना एकूण 4 पीपीबीची मर्यादा आहे, म्हणजे एका किलोत 4 मायक्रोग्रॅम. म्हणून निर्यातीच्या मालातून सुरकुतलेले, काळवंडलेले, किडके दाणे निवडून काढतात. काही ठिकाणी बाया हाताने निवडतात, मोठ्या कारखान्यांत रंग ओळखणारं यंत्र असतं. विष बहुतेक याच थोड्या दाण्यांत असतं, त्यामुळे निवडणं योग्यच. पण निवडून काढलेला दाणा जाळत कोणी नाही. तो स्वस्तात तेलाच्या गिरणीत जातो. तेल काढलं की विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, तेलात उतरलेला थोडा अंश रिफायनिंगमध्ये निघून जातो. आणि पेंड जाते गोठ्यात. गाय अफ्लाटॉक्सिनचा बी-1 हा प्रकार खाते, तिचं यकृत त्याचं एम-1 या दुसऱ्या प्रकारात रूपांतर करतं, आणि एका दिवसाच्या आत ते दुधात दिसायला लागतं. उकळून जात नाही, पाश्चरायझेशननेही जात नाही. दुसऱ्या देशातल्या मुलांच्या खाऱ्या दाण्यांतून काढलेलं विष आपण आपल्या मुलांच्या पेल्यात ओततो आहोत, असं मला वाटतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये दुधाच्या देशव्यापी पाहणीचा निकाल दिला. 6,432 नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ सापडली 12 नमुन्यांत, आणि एम-1 मर्यादेबाहेर होतं 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्के. आपण सगळे युरिया आणि डिटर्जंटच्या बातम्या एकमेकांना पाठवत बसलो. हे विष चाऱ्या-खुराकातून येतं आणि खुराकावर त्या वेळी नियंत्रण नव्हतं, हे तेव्हा प्राधिकरणानेच सांगितलं होतं.

माझं म्हणणं असं: नाकारलेल्या दाण्याची पेंड तपासल्याशिवाय खुराकात जाताच कामा नये, आणि तसा कायदा हवा. पिशवीबंद दुधाच्या तपासणीवर चाललेला पैसा आधी पेंडीच्या दारात लावा.

पेंडवाला, तिसरी पिढी:
ताई, मोजण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण आमच्या धंद्याचं चित्र तुम्ही चुकीचं रंगवलंय. महाराष्ट्रातल्या किती गायींना शेंगदाणा पेंड मिळते? तिचा भाव बघा. आमच्या भागात खपते ती सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि गोळी पेंड. विष या तिन्हींत येऊ शकतं, आणि त्यात निर्यातीच्या दाण्याचा काही संबंध नाही. ओली सरकी जिनिंगच्या आवारात ढीग मारून पडते, मका पावसात सापडतो, आणि शेवटी पोतं गोठ्यात भिंतीला टेकून पावसाळाभर उभं राहतं. दोष मात्र गिरणीवाल्याचा.

दुसरं म्हणजे तपासणी. एकाच गाडीतल्या एका पोत्यातली मूठ स्वच्छ येते आणि दुसऱ्या पोत्यातली शंभर पीपीबी दाखवते. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. अशा आकड्यावर कायदा उभा केला तर तो लॉटरीचा कायदा होईल, आणि मरेल छोटा गिरणीवाला. मोठ्याकडे स्वतःची प्रयोगशाळा असते.

प्रयोगशाळेतून:
सरकी आणि मक्याचं मान्य. माझी मांडणी दाण्यापुरती अरुंद झाली होती. माझ्याकडे येणारा माल बहुतेक दाण्याचा असतो, त्यामुळे नजर तिकडेच गेली.

पण मुठीचं मान्य नाही. विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, हजारो दाण्यांत एखादाच दाणा पराकोटीचा विषारी असतो, हे संशोधनाला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यावरचा उपायही माहीत आहे: खेपेच्या अनेक जागांवरून थोडं थोडं घ्यायचं, सगळं एकत्र दळायचं आणि मग मोजायचं. युरोपात दाण्याच्या मोठ्या खेपेतून असा 20 किलोपर्यंत नमुना घेतात. आपल्याकडे पाव किलोची पुडी येते आणि तिच्यावर निकाल मागतात. दोष नमुना घेण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणून मोजणंच सोडून द्यायचं का?

आता आकडे बघू. गाय रोज 10 लिटर दूध देते आणि 4 किलो खुराक खाते असं धरा. खुराकात बी-1 100 पीपीबी असेल तर तिच्या पोटात 400 मायक्रोग्रॅम जातं. त्यातलं साधारण 1 ते 2 टक्के दुधात उतरतं, म्हणजे लिटरमागे 0.4 ते 0.8 मायक्रोग्रॅम. आपली मर्यादा 0.5. आयएसआयच्या मानकाप्रमाणे खुराकात बी-1 20 पीपीबीच्या आत असेल तर दुधात 0.08 ते 0.16 येतं, आपण निश्चिंत. युरोपात दुभत्या जनावरांच्या खुराकाला 5 पीपीबीची मर्यादा आहे आणि दुधाला 0.05 ची. 5 ने हिशोब करा, 0.02 ते 0.04 येईल. दुधाचा आकडा त्यांनी खुराकाच्या आकड्याशी बांधून ठेवलाय. जास्त दूध देणाऱ्या गायींत हे उतरण्याचं प्रमाण 6 टक्क्यांपर्यंत जातं, तेव्हा संकरित गायींच्या आपल्या गोठ्यांनी जास्तच जपायला हवं.

निवृत्त पशुवैद्य:
हिशोब बरोबर आहे, पण त्यातून निघणारी भीती मला पटत नाही. युरोपचं 0.05 आणि आपलं 0.5 म्हणजे आपण दहापट ढिले, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेची मर्यादाही 0.5 आहे आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेचीही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 2001 मध्ये या दोन मर्यादांची तुलना केली. दोन्हींमधल्या कर्करोगाच्या धोक्यातला फरक अत्यंत कमी निघाला.

यकृताच्या कर्करोगाचं खरं दुखणं वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्याच्या शरीरात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे, त्याला हे विष सुमारे तीसपट घातक ठरतं. म्हणजे बाळाला दिलेली हिपॅटायटिस बीची लस हासुद्धा अफ्लाटॉक्सिनवरचा उपाय आहे. ती लस राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, फुकट मिळते, आणि तिच्याविषयी एक ओळ कोणी लिहीत नाही. उलट असले लेख वाचून मुलांचं दूध बंद केलेल्या आया मी पाहिल्या आहेत. ज्या घरात प्रथिनांची आधीच मारामार, तिथे हे नुकसान आज होतं, आणि विषाचं झालं तर वीस वर्षांनी. ताईंनी ते पेल्याचं वाक्य मागे घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

सातपुड्यातून:
डॉक्टर, तुमचा मुद्दा दुधापुरता खरा असेल. पण तुम्ही सगळे दुधातच अडकलात.

1974 चा पावसाळा संपता संपता राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवेळी पाऊस झाला. मका शेतात भिजला, तसाच घरात भरला, आणि भिल्ल कुटुंबांनी तोच खाल्ला, कारण दुसरं काही नव्हतंच. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, आणि शंभराहून जास्त माणसं गेली. घरातलं उष्टं खाणारी कुत्रीसुद्धा मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णम्माचारी, भट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, मका तपासला आणि 1975 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्या मक्यातलं विष होतं 6 ते 15 पीपीएम. पीपीबी नव्हे, पीपीएम, त्याच्या हजारपट. म्हणजे आज आपण जिथे 15 पीपीबी पुरे म्हणतो, तिथे 6,000 ते 15,000.

मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. इथेही मका दोन्ही वेळच्या भाकरीत आहे, कणसं छताखाली टांगलेली किंवा कणगीत, आणि ऑक्टोबरचा पाऊस पूर्वीपेक्षा बेभरवशाचा. आमच्या घरांतला मका कुठल्याच तपासणीत येत नाही, कारण तो बाजारातच येत नाही. पिशवीतल्या दुधाला निदान एक मर्यादा आहे. पश्चिम आफ्रिकेत बेनिन आणि टोगोमध्ये 480 लहान मुलांच्या रक्तात हे विष मोजलं होतं, 2002 मध्ये ते छापून आलं. जवळजवळ सगळ्या मुलांत ते सापडलं, आणि ज्यांच्यात जास्त त्यांची वाढ खुंटलेली. आमच्या पाड्यांतल्या मुलांचं रक्त असं कोणी मोजेल का? मला पेंडीच्या कायद्याआधी हे हवंय.

निवृत्त पशुवैद्य:
सर, बांसवाड्याचं तुम्ही बोललात ते अगदी खरं, आणि मी ते सांगायला हवं होतं. तीव्र विषबाधा आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाणं, यांचे धोके वेगळे आहेत. मी फक्त दुसऱ्याबद्दल बोललो. टोगोच्या अभ्यासाबाबत मात्र एक सांगतो: ज्या घरात बुरसट मका खावा लागतो तिथे बाकीही सगळ्याचीच वानवा असते. वाढ विषाने खुंटली की उपासमारीने, हे त्या एका अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. मोजमाप व्हायलाच हवं. पण मोजून मुलाला खायला काय देणार, हेही त्याच वेळी ठरवायला हवं.

दहा गायींचा गोठा:
सगळे शिकलेले बोलताहेत, आता माझं ऐका. गेल्या पावसाळ्यात नवीन पोतं उघडलं तर आत गोळेच गोळे, वास कुबट. दोन दिवस चारलं, गायी खुराकाला तोंड लावेनात, दूध उतरलं. दुकानदार म्हणाला तुमच्या शेडमध्ये ओल आहे. पोतं आणून एक रात्र झाली होती! माझ्याकडे पुरावा काय? काहीच नाही.

केंद्रावर माझ्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजतात. उद्या हे एम-1 मोजायला लागले तर कॅन परत येणार तो माझा. विष मी केलं नाही, मी ते शिलाई मारलेल्या पोत्यात पैसे देऊन विकत आणलं. ताई म्हणतात तो कायदा मला हवाय. पेंडवाल्या दादांना तो लॉटरी वाटतो, पण आज ती लॉटरी मी खेळतोय, रोज सकाळ-संध्याकाळ.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून टॉक्सिन बाइंडर घालतो. त्याचाही खर्च माझ्याच डोक्यावर.

प्रयोगशाळेतून:
दादा, एक कामाची गोष्ट. बेंटोनाइटसारख्या मातीचे बाइंडर या विषावर खरंच चालतात, ते त्याला आतड्यातच धरून ठेवतात. पण म्हणून गोळे झालेलं पोतं चारू नका. खराब खुराक थांबवला की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-1 जवळपास जातं. नुकसान कायमचं नाही, एवढं तरी ध्यानात ठेवा.

दोन मुलांची आई:
मी एवढंच विचारते. उकळून जात नाही म्हणता, मग पनीर, तूप, दही?

प्रयोगशाळेतून:
एम-1 दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पनीर-चीजमध्ये किलोमागे ते दुधापेक्षा जास्त असतं. तुपात फारच कमी. दह्याने ते नाहीसं होईल असं धरून चालू नका. दूध मात्र बंद करू नका, इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. तुमच्या हातात आहे ते दाण्यांचं: कडू, सुरकुतलेला, काळा दाणा कुटाआधी काढून टाका आणि तो गायी-कोंबड्यांनाही घालू नका. लाकडी घाण्यावर स्वतःचे दाणे नेत असाल तर आधी निवडा, कारण ते तेल रिफाइन होत नाही.

उन्हाळी शेंगवाला:
घाण्यावर, गिरणीत, गोठ्यात सगळीकडे फिरून आलात, शेतात कोणी आलंच नाही. ही बुरशी जमिनीतच असते. शेंग भरायच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण बसला आणि जमीन तापली, की ती शेंगेत शिरते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये नेमकं तेव्हाच कालव्याचं आवर्तन लांबतं. मग उपटणी, मग वळवाचा पाऊस. ढिगातल्या शेंगा चार दिवसांत काळ्या पडतात. दाण्यात 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा येईपर्यंत वाळवा, असं कृषी खात्याचे लोक सांगतात. मी वाळवतो. पण वाळली की शेंग वजनात घटते, आणि बाजार समितीत भाव वजनावर. शेजारी ओली शेंग घालून माझ्यापेक्षा जास्त पैसे घेऊन जातो. एकदा तरी व्यापाऱ्याने ओलावा मोजून चार पैसे वाढवून द्यावेत. मग तुमचा नाकारलेला दाणा मुळात तयारच कमी होईल.

आफ्रिकेत विष न करणारी तीच बुरशी शेतात पसरवतात, ती विषारी बुरशीला जागाच देत नाही. नायजेरिया-केनियात मक्याला आणि भुईमुगाला ती वापरतात. अशी गोष्ट आमच्या बांधावर कधी येणार? तुमच्या कायद्याआधी ती आली तर मला जास्त आनंद होईल.

पेंडवाला, तिसरी पिढी:
शेंगवाल्यांनी बोललं ते सोळा आणे खरं. ओल्या मालाला भाव आम्हीच देतो, हे मी कबूल करतो. गिरणी बंद ठेवणं परवडत नाही म्हणून देतो.

गोठेवाल्या दादांना सांगतो, पोत्यावर बी-1 चा आकडा आणि तारीख छापायला मी तयार आहे. अट एकच, पलीकडच्या गिरणीलाही तेच बंधन हवं. मी एकट्याने छापलं तर पुढच्या महिन्यात माझं दुकान बंद. आणि ताई, तो 20 किलोचा नमुना दळून मोजायचा खर्च कोण देणार, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या छोट्या गिरणीत आठवड्याला चार गाड्या येतात.

प्रयोगशाळेतून:
खर्चाचं उत्तर आज माझ्याकडे पूर्ण नाही. अर्धं आहे: तालुक्याच्या दूध संघाने एक दळणयंत्र आणि एलायझा या झटपट चाचणीचं किट घेतलं तर गाडीमागचा खर्च बराच खाली येतो, आणि संघाला त्याची गरजही आहे, कारण दूध त्यांचंच. माझ्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या चार गाड्यांचे नमुने नीट कसे काढायचे ते मी येऊन दाखवते. निकाल तुम्हालाच देईन, दुसऱ्या कोणाला नाही.

डॉक्टर, 0.5 बद्दलचा आणि लसीचा तुमचा मुद्दा माझ्या पहिल्या लिहिण्यात नव्हता, तो असायला हवा होता. पेल्याचं वाक्य मात्र मी ठेवते आहे. निवडून काढलेल्या दाण्यांची पोती ट्रकमध्ये चढताना मी पाहिली आहेत.